पदवी झाली, आता पुढे काय? बदल घडवायला शिकवणारं शिक्षण

नंदुरबार, शहादा, नवापूरच्या घरांमध्ये निकाल लागले की एकच प्रश्न असतो. पोरगी बी.ए. झाली, पोरगा बी.कॉम. झाला, आता पुढे काय? बी.एड., स्पर्धा परीक्षा, नाहीतर अब्बांच्या दुकानात बसणं, यापलीकडे आपली चर्चा फारशी जात नाही. आज आम्ही वेगळ्या वाटेबद्दल सांगतो आहोत: गावात, संस्थेत, समाजात बदल कसा घडवायचा याचं पदव्युत्तर शिक्षण.

हे वर्गात शिकता येतं का? कल्पकता तर अल्लाहची देन, असं कोणी म्हणेल. पण अमेरिकेत बफेलो इथे 1967 पासून सर्जनशीलतेचं अभ्यासकेंद्र चालतं. 'ब्रेनस्टॉर्मिंग' रूढ करणारे अॅलेक्स ऑस्बॉर्न यांच्या विचारातून ते उभं राहिलं. त्यांची पद्धत साधी: आधी भरपूर कल्पना निघू द्या, लगेच नावं ठेवू नका, निवड नंतर करा. मोहल्ल्याच्या मीटिंगमध्ये आपण नेमकं उलटं करतो!

लांब कशाला, आपला अक्कलकुवा पाहा. मरहूम मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी साहेबांनी (इंतकाल 4 मे 2025) 1979 मध्ये इथे जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केलं. दीनी तालीम कायम ठेवून त्याच परिसरात फार्मसी, इंजिनिअरिंग आली आणि पुढे जालना जिल्ह्यात बदनापूरला मेडिकल कॉलेजही. याच तालुक्यात आणि शेजारच्या अक्राणीत सरदार सरोवराच्या बुडितातल्या आदिवासी गावांना मेधा पाटकर यांनी संघटित केलं. त्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे 'टिस'मध्ये, समाजकार्यात एम.ए. झालेल्या. त्यांची भूमिका पटो न पटो, त्या शिक्षणातून काय उभं राहू शकतं हे या जिल्ह्याने पाहिलं आहे.

या अभ्यासात मुख्य शिकायचं असतं ते प्रश्न नीट ओळखणं. समजा, एखाद्या वस्तीतल्या मुली दहावीनंतर शाळा सोडतात. आपण लगेच म्हणतो, आईबापांना समज नाही, एक जलसा ठेवा. शिकलेला माणूस आधी वीस घरांत जाऊन बसेल, अम्मींशी बोलेल. मग कळेल की कॉलेज सुटल्यावरची एसटी अंधार पडल्यावर गावात पोहोचते. मग जलसा बाजूला राहतो आणि डेपोत अर्ज जातो. पुढचं काम जास्त अवघड: सरपंच, जमातचे जिम्मेदार, मुख्याध्यापक या सगळ्यांना सोबत घेणं, छोटा प्रयोग करून पाहणं, पैशाचा हिशेब ठेवणं. म्हणूनच या अभ्यासात प्रत्यक्ष वस्तीत जाऊन केलेल्या कामाला मोठं स्थान असतं.

टिसमध्ये समाजकार्य आहेच, 2007 पासून सामाजिक उद्योजकतेचाही एम.ए. सुरू झाला. तुळजापूरलाही संस्थेचं केंद्र आहे, तिथे ग्रामीण विकासावर भर. प्रवेश सीयूईटी-पीजी परीक्षेतून. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात विकास आणि शिक्षण या विषयांत एम.ए. आहे, परीक्षा त्यांची स्वतःची. सुरतमार्गे गेलं तर आणंदही आपल्याला जवळ. तिथे ग्रामीण व्यवस्थापनाची 'इरमा' वर्गीज कुरियन यांनी 1979 मध्येच स्थापन केली.

आलिम झालेल्या मुलांसाठी एक सूचना: या एम.ए.साठी मान्यताप्राप्त पदवी लागते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून बाहेरून पदवी करता येते, पण आपली सनद प्रवेशाला चालते का हे आधी विचारून घ्या.

खर्चाचं काय? व्याजाचं कर्ज नको, म्हणून कित्येक घरं इथेच थांबतात, आणि ही अडचण खरी आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठात घरची मिळकत पाहून फीमध्ये मोठी सवलत मिळते. ज्या बिरादऱ्या केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत त्यांनी केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढावा. राज्याचा दाखला तिथे चालत नाही. एक गोष्ट लपवत नाही: संस्थांमधल्या नोकऱ्या बऱ्याचदा कराराच्या असतात आणि सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्या चुलतभावापेक्षा कमी असू शकतो. घरात हे आधीच बोलून घ्या.

सीयूईटी-पीजीचे फॉर्म साधारण हिवाळ्यात निघतात, परीक्षा मार्चच्या सुमारास होते. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला यांना तहसीलमध्ये वेळ लागतो. तिसऱ्या वर्षाला असलेल्यांनी दिवाळीच्या सुट्टीतच ही कागदपत्रं हाती घ्यावीत.