न दुखणारा चट्टा

तपासणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? सुई! पण त्वचेची तब्येत सुई न टोचताही कळते बरं का.

खर्ड्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या दंडावर फिकट चट्टा होता. "खाजत नाही, दुखत नाही, मग कशाला दाखवायचा गुरुजी?" तो म्हणाला. अरे, न दुखणारा, न खाजणारा चट्टाच तर आधी दाखवायचा!

दवाखान्यात नर्सताईंनी त्याला डोळे मिटायला लावले. कापसाचं टोक चट्ट्याला हळूच लावलं. "कुठे लागलं? बोट ठेव." त्यानं बरोबर तिथंच बोट ठेवलं. चट्टा साधाच निघाला. हुश्श!

त्याला स्पर्श कळलाच नसता तर? तर कुष्ठरोगाची शंका आली असती. या रोगाचे जंतू १८७३ मध्ये नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी शोधले. ते नसांवर हल्ला करतात. मग चट्टा बधिर होतो, तिथे घामही कमी येतो. हात बधिर झाले तर गरम तवा लागलेलाही कळत नाही! तळपाय तपासायला नायलॉनचा तंतू असतो. १० ग्रॅमचा जोर पडला की तो वाकतो. वाकेपर्यंत टेकवूनही स्पर्श कळला नाही, तर नस दुखावली आहे असं समजायचं.

आपल्या जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्यांतल्या कित्येकींना लिहितावाचता येत नव्हतं, पण कुष्ठरोगाची लक्षणं त्या ओळखू लागल्या.

आता त्वचेतला ओलावा मोजणारी पेनाएवढी यंत्रंही निघाली आहेत. ओलसर त्वचा विजेचा भार जास्त साठवते, कोरडी कमी. यंत्र गालाला टेकवलं की तो फरक मोजून आकडा दाखवतं. इसबासारख्या आजारात त्वचा किती कोरडी पडली, हे त्यावरून समजतं. पण चट्ट्यावर स्पर्श कळतो का, हे यंत्र कसं सांगणार? ते तुम्हीच सांगायचं!

प्रत्येक फिकट चट्टा कुष्ठरोगाचा नसतो. असलाच, तरी सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि सहा किंवा बारा महिन्यांच्या उपचारांनी रोग बरा होतो. तेव्हा चट्टा लपवू नका. आणि हो, ज्याला चट्टा आहे त्याला चिडवू तर मुळीच नका. चिडवलं, की तो सदऱ्याची बाही खाली ओढतो!