‘ले-आउट’ आणि शेजार : यवतमाळमधील नागरी वसाहतींचे सामाजिक स्वरूप

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची जेमतेम पाचव्या हिश्शाहून थोडी अधिक लोकसंख्या नागरी होती. तथापि यवतमाळ शहर वडगाव, लोहारा, उमरसरा या लगतच्या गावांना केव्हाच जाऊन भिडले. या विस्ताराचे एकक म्हणजे विदर्भात रूढ असलेला ‘ले-आउट’, अर्थात शेतजमीन अकृषक करून पाडलेले भूखंड.

जुन्या वस्तीत शेजार बहुधा जात व व्यवसाय यांवरून ठरे. ले-आउटमध्ये तो भूखंडाच्या किमतीवरून ठरतो. भिन्न जातींचे शिक्षक, लिपिक, निवृत्त कर्मचारी त्यामुळे एका रांगेत आले. हे परिवर्तन लहान नव्हे. परंतु ज्याला पगारपत्रक नाही आणि म्हणून गृहकर्जही नाही, तो मजूर अकृषक परवानगीविना विकलेला गुंठा घेतो. अशा भूखंडांच्या नियमितीकरणासाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी अधिनियम केला व २०२१ मध्ये त्याची कालमर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. मात्र त्यासाठी शुल्क भरावे लागतेच.

मंजूर ले-आउटमध्ये नियमानुसार मोकळी जागा राखलेली असते. ती मैदान राहावी की तेथे मंदिर, विहार वा समाजमंदिर व्हावे, यावर रहिवाशांत चर्चा झडते. गुंठ्यांच्या वस्तीत अशी जागा बहुधा सुटलेलीच नसते. तेथील रहिवासी एकत्र येतात ते रस्ता व नालीच्या अर्जासाठी.