मद्यपानाचा आरोप आणि न्यायालय

मद्य पिऊन मोटार चालविल्याचा आरोप न्यायालयांत लढविणें म्हणजे अधर्माचा कैवार घेणें होय, असें पुष्कळ सज्जनांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १८५ वें कलम मापावर उभें आहे. १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला कीं अपराध घडला. अपराध जर मापानें ठरतो, तर माप बरोबर घेतलें कीं नाहीं, हें विचारण्याचा अधिकार आरोपीस असलाच पाहिजे. श्वासयंत्र बिनचूक होतें काय? रक्ताचा नमुना नोंदणीकृत डॉक्टरानेंच घेतला काय? तो मोहोरबंद स्थितींत प्रयोगशाळेंत पोहोंचला काय? हे प्रश्न निरपराध्याची ढाल आहेत.

अटकेपासून दोन तासांच्या आंत वैद्यकीय तपासणी न झाल्यास आरोपीस कोठडींतून सोडावें, असें कलम २०२ सांगतें. परंतु तेवढ्यानें खटला संपत नाहीं. सबळ कारणावांचून तपासणी नाकारणारा तर स्वतःचेंच अहित करितो. कलम २०५ प्रमाणें तो नकार त्याच्या विरुद्धच्या पुराव्यास बळकटी देऊं शकतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. दुसऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. तेव्हां ‘दंड भरून मोकळे होऊं’ असें म्हणणाऱ्यानें पुढचा विचार करावा.

तरुणांस आमचें सांगणें एवढेंच: जें घडलें नाहीं, त्याचा दंड मुकाट्यानें भरूं नये, आणि जें घडलें आहे, तें वकिलाच्या वाक्चातुर्यानें न घडलेलें होत नाहीं.