हजार ठिपक्यांचं चित्र

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस दवाखान्यातल्या आकड्यांवर का बोलतोय, असं तुमच्यातल्या काहींना वाटत असेल. पण हा ज्ञानाचाच प्रश्न आहे. संमतिपत्रावर सही करणाऱ्याला नेमकं काय कळलेलं असतं?

ब्रिटनमधलं १९९५ सालचं उदाहरण घ्या. तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा तिथल्या औषध-सुरक्षा समितीने दिला. दुप्पट! घबराट उडाली, अनेक स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. आता मूळ आकडा बघा. आधीच्या पिढीच्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमध्ये साधारण एकीला गुठळी होत होती, नव्या घेणाऱ्यांत दोघींना. आणि गरोदरपणात तर हा धोका गोळीपेक्षाही जास्त असतो! 'दुप्पट' हे खोटं नव्हतं. दुप्पट कशाच्या, ते लोकांपर्यंत पोचलं नाही.

मग चित्र काढावं का? काढावं, पण कुठलंही नाही. दोन खांब काढा, एक दुसऱ्याच्या दुप्पट उंच. झालं, पुन्हा तीच घबराट. कारण खांबात आजारी पडलेलेच दिसतात. न पडलेले कागदावर येतच नाहीत. म्हणून ठिपके. एक ठिपका म्हणजे एक माणूस, आणि सगळी माणसं समोर.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅमोग्राफीची माहिती अशा रीतीने मांडली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या १,००० स्त्रिया, सुमारे ११ वर्षांचा काळ. नियमित तपासणी न करणाऱ्यांत ५ जणी स्तनाच्या कर्करोगाने दगावतात, करणाऱ्यांत ४. हेच 'मृत्यू २० टक्क्यांनी कमी' असंही सांगता येतं. दोन्ही खरं. पण २० टक्के ऐकणाऱ्या बाईला वाटतं, शंभरातल्या वीस जणी वाचल्या. हजार ठिपके तिला तसं वाटू देत नाहीत. शिवाय तपासणीच्या चौकोनात वेगळ्या रंगाचे सुमारे १०० ठिपके असतात: कर्करोग नव्हता, पण संशय आला, पुढच्या तपासण्या झाल्या. आणखी ५ ठिपके गरज नसताना स्तनावर शस्त्रक्रिया झालेल्यांचे. जाहिरातीत हे ठिपके सापडायचे नाहीत. चित्र प्रामाणिक आहे का, ते मी तरी इथेच तपासतो. (हे आकडे काहीही तक्रार नसलेल्या स्त्रियांचे आहेत. गाठ हाताला लागली असेल तर हे ऐकून घरी बसू नका, डॉक्टरकडे जा.)

चित्र काढणाऱ्याने छेद बदलू नये, हेही महत्त्वाचं. '२५ मध्ये १' आणि '२०० मध्ये १' शेजारी ठेवले तर अनेकांना दुसरा धोका मोठा वाटतो. २०० हा आकडा मोठा आहे ना! दोन्हीकडे हजारच घ्या, म्हणजे ४० आणि ५.

राहिला एक वाद. रंगीत ठिपके एका कोपऱ्यात गोळा करायचे, की चौकोनभर विखरायचे? विखुरले तर आजार कुणावरही येऊ शकतो हे जाणवतं, पण मोजता येत नाहीत. 'यातला मी कोणता?' हा रुग्णाचा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर दोन्ही चित्रांत नाही. तेव्हा निदान मोजता तरी यावं. मी गोळा करण्याच्या बाजूचा आहे.