परिचर्या व्यवसायातील आचारसंहिता : अरुणा शानभाग प्रकरणाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

परिचर्या महाविद्यालयांतील दीपप्रज्वलन व शपथविधीचा सोहळा सर्वांच्या परिचयाचा आहे. या शपथेचे मूळ १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तयार झालेल्या नाइटिंगेल प्रतिज्ञेत आढळते. शपथ एका दिवशी घेतली जाते. तिचे पालन मात्र रात्रपाळीत, कोणी पाहत नसताना करावयाचे असते. जो रुग्ण तक्रार करू शकतो, त्याच्या बाबतीत नियम पाळले जाण्यास बाहेरचे बळ असते. जो बोलूच शकत नाही, त्याच्या बाबतीत परिचारिकेची व्यावसायिक नीती हेच एकमेव संरक्षण ठरते. या दृष्टीने परिचर्येच्या आचारसंहितेचे स्वरूप, तिचे सामर्थ्य व तिची अपूर्णता यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आचारसंहितेचे स्वरूप :

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय नीतिसंहिता स्वीकारली. तिची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने २००६ मध्ये नीतिसंहिता व व्यावसायिक आचारसंहिता प्रसिद्ध केली. या नीतिसंहितेत सात तत्त्वे आहेत. प्रत्येक व्यक्तीच्या वेगळेपणाचा आदर, उपचारातील सहभागी म्हणून रुग्णाचे हक्क जपणे व त्याला समजून-उमजून निर्णय घेण्यास साहाय्य करणे, गोपनीयता, स्वतःची कार्यक्षमता टिकविणे, नैतिक व कायदेशीर मर्यादांचे पालन, सहकाऱ्यांशी सुसंवाद आणि समाजाने टाकलेल्या विश्वासाला पात्र ठरणे, ही ती तत्त्वे होत. महाराष्ट्रात १९६६ च्या परिचारिका अधिनियमानुसार नोंदणीची व्यवस्था आहे. गैरवर्तन सिद्ध झाल्यास नोंदणी रद्द होऊ शकते, म्हणजेच व्यवसायाचा अधिकार जातो. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग अधिनियमात नीती व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद करण्यात आली आहे.

ही तत्त्वे वाचावयास सोपी आहेत. ती प्रत्यक्षात उतरतात म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातीलच एका प्रकरणाकडे वळणे उपयुक्त ठरेल.

अरुणा शानभाग प्रकरण :

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केला. साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या कायमच्या परावलंबी झाल्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. मधली सुमारे ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. ज्या तरुण परिचारिका त्यांच्या सेवेत रुजू झाल्या, त्यांतील अनेकींचा जन्मही घटनेच्या वेळी झालेला नव्हता. १९८० च्या दशकात त्यांना रुग्णालयाबाहेर हलविण्याचे महानगरपालिकेचे प्रयत्न परिचारिकांच्या विरोधामुळे मागे पडले.

एवढ्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, असे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. या एका वाक्याचा अर्थ परिचर्याशास्त्राच्या भाषेत समजून घेणे आवश्यक आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची त्वचा हाडाच्या उंचवट्यावर सतत दाबली गेल्यास तेथील रक्तपुरवठा थांबतो व जखम होते. ती टाळण्यासाठी साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, त्वचा कोरडी व स्वच्छ ठेवावी लागते आणि पोषणाकडे लक्ष द्यावे लागते. दिवसाला बारा वेळा या प्रमाणाने ३७ वर्षांचा हिशेब केल्यास ही संख्या दीड लाखांच्या पुढे जाते. त्यांपैकी एखादी वेळ चुकली असती, तर रुग्णाने तक्रार केली नसती. आचारसंहितेतील 'व्यक्तीचा आदर' हे तत्त्व येथे कूस बदलण्याच्या कृतीत उतरलेले दिसते.

सेवा आणि रुग्णाची इच्छा :

तथापि, हे प्रकरण केवळ सेवाभावाच्या गौरवापुरते मर्यादित नाही. लेखिका पिंकी विराणी यांनी २००९ मध्ये अरुणा यांना अन्न देणे थांबविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. परिचारिकांनी तिला विरोध केला. न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली. अरुणा यांच्या 'वादमित्र' विराणी नसून के.ई.एम.चे कर्मचारी आहेत, असे न्यायालयाने ठरविले. त्याच निर्णयात उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणाचा मार्ग प्रथमच मोकळा झाला.

येथे संहितेतील दोन तत्त्वे परस्परांसमोर उभी राहतात. एकीकडे अखंड काळजी, तर दुसरीकडे रुग्णाच्या स्वतःच्या निर्णयाचा आदर. अरुणा यांची इच्छा काय होती, हे कोणालाही सांगता येत नव्हते. दीर्घ सेवेमुळे परिचारिकेला रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार मिळतो, हे न्यायालयाने मान्य केले. पण वतीने बोलणे आणि त्याची इच्छा जाणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ही उणीव पुढे ९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' निर्णयाने काही अंशी भरून काढली. सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून व्यक्तीला आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र करण्याची मुभा त्या निर्णयाने दिली. २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ करण्यात आली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर असे इच्छापत्र साक्षांकित करता येते.

वऱ्हाडच्या संदर्भात :

न बोलू शकणारा रुग्ण म्हणजे केवळ बेशुद्ध रुग्ण नव्हे. मेळघाटातून उपचारासाठी अमरावतीला येणारी कोरकू माता शुद्धीवर असते, पण समोरच्या मराठी संमतिपत्रावर ती अंगठा उमटविते तेव्हा तिला काय समजलेले असते, हा प्रश्न उरतोच. समजून-उमजून दिलेली संमती हे तत्त्व तिच्या भाषेत पोहोचले नाही, तर स्वाक्षरी असूनही संहिता अपूर्ण राहते. राजापेठेतील लहान रुग्णालयापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत हा प्रश्न सारखाच आहे. अमरावतीला याबाबत एक आदर्शही आहे. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरुग्णांसाठी डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये येथे सुरू केलेले तपोवनाचे कार्य हे व्यक्तीच्या आदराच्या तत्त्वाचे, संहिता छापली जाण्यापूर्वीचे उदाहरण होय.

संहितेची दुसरी बाजू :

अरुणा स्वतः परिचारिका होत्या आणि त्यांच्यावरील हल्ला कर्तव्याच्या ठिकाणी झाला, ही बाब विसरून चालणार नाही. त्या वेळी मुंबईतील परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला होता. आरोपीला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न व लूट यांबद्दल. लैंगिक अत्याचाराबद्दल नव्हे. पुढे महाराष्ट्रात २०१० मध्ये वैद्यकीय सेवकांवरील हिंसाचाराला प्रतिबंध करणारा कायदा आला. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्यात रुग्णालयांचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात निवासी महिला डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या झाली आणि सर्वोच्च न्यायालयाला राष्ट्रीय कृतिदल नेमावे लागले.

मनुष्यबळाची स्थितीही याच्याशी निगडित आहे. केंद्र शासनाच्या कर्मचारी निरीक्षण पथकाच्या मानकानुसार सर्वसाधारण कक्षात सहा रुग्णांमागे एक परिचारिका अपेक्षित आहे. एकाच परिचारिकेवर याच्या अनेक पटींनी रुग्ण सोपविले गेल्यास दर दोन तासांनी कूस बदलणे तिच्या हातात राहत नाही. चूक झाल्यावर चौकशी मात्र तिचीच होते. संहिता परिचारिकेची कर्तव्ये सांगते. ती पाळता येतील अशी परिस्थिती निर्माण करण्याचे कर्तव्य व्यवस्थापनाकडे व शासनाकडे आहे.

समारोप :

व्यावसायिक नीती हा परिचर्येच्या अभ्यासक्रमातील एक घटक आहे. तो केवळ परीक्षेसाठी पाठ करून घेतला गेल्यास त्याचा हेतू साध्य होत नाही. अरुणा शानभाग प्रकरणातून तीन गोष्टी शिकविता येतात. नीती ही लहान, पुनरावृत्त कृतींतून सिद्ध होते. सेवा कितीही निष्ठेची असली तरी रुग्णाच्या इच्छेचा प्रश्न तिने सुटत नाही. आणि ज्या परिचारिकेकडून दुसऱ्याच्या प्रतिष्ठेचे रक्षण अपेक्षिले जाते, तिच्या स्वतःच्या प्रतिष्ठेचे रक्षण संस्थेने केले पाहिजे. यांतील तिसरी गोष्ट विद्यार्थिनींना शिकवून भागणार नाही. ती रुग्णालये चालविणाऱ्यांनी आधी शिकावयाची आहे.