पेठेतले पाणी : आड, हौद, नळ आणि पंप
(लेखांक ५)

पुण्याच्या शनिवार पेठेत गेल्या सुमारे तीनशे वर्षांत पाणी पुरवण्याच्या चार पद्धती आल्या. दर वेळी पाणी घराच्या अधिक जवळ आले आणि ते भरण्याचे काम कोणाचे, कोणत्या वेळचे, हेही बदलत गेले.

१७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, तेव्हा वस्तीची भिस्त मुठा नदीवर आणि आडांवर होती. मोठ्या वाड्यांच्या चौकात आड असे. रहाटावरून दोर सोडून पोहऱ्याने पाणी शेंदायचे आणि घागरींतून माजघरापर्यंत न्यायचे. ऐपतीच्या घरी पाणक्या असे. इतरत्र हे काम बायकांचे.

१७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्यावर कात्रजला तलाव बांधवला. तिथून शहरापर्यंत जमिनीखालून चुन्यातले बंदिस्त नळ आणले. कात्रज शहरापेक्षा उंचावर असल्याने पाणी केवळ उताराने वाहत येई. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास उभारले होते. नळात कोंडलेली हवा प्रवाह अडवते. ती उच्छ्वासातून बाहेर पडे आणि गाळ काढायला माणसालाही त्यातून आत उतरता येई. हे पाणी शनिवारवाड्यात आणि पेठांमधल्या हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद ही त्यांतली परिचित नावे. शेंदण्याचे कष्ट वाचले, वाहून नेण्याचे राहिले. शिवाय हौदाला हात कोणी लावायचा, हे जात ठरवत होती. म्हणूनच जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला, ही घटना मोठी ठरली.

१८७९ मध्ये मुठेवरचे खडकवासला धरण पूर्ण झाले आणि पुढे शहरात लोखंडी नळ पसरले. वाड्यात नळ आला, पण पुष्कळदा तो सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकच. पाणी ठरावीक वेळीच येई, त्यामुळे दिवसाची आखणी नळाच्या वेळेने होऊ लागली. नंबर लावणे, हंडे-कळश्या भरून ठेवणे, पिंपात साठा करणे, पाणी जायच्या आत धुणे उरकणे ही नवी कामे झाली. पाणक्यांचा व्यवसाय संपत गेला, घरातल्या बायकांची पहाट मात्र लवकर उजाडू लागली.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि शनिवार, नारायण, कसबा या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. अनेक वाडे पडले. शहराला पाणी देणारे धरणच गेल्याने नळही कोरडे पडले आणि विहिरींची गरज पुन्हा भासली. सगळे शहर एकाच साठ्यावर विसंबले की काय होते, ते तेव्हा दिसले.

पुढे वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पाणी दहा मीटर वर चढवायला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब लागतो. रस्त्याखालच्या नळातला दाब वरच्या मजल्यांना पुरत नाही. म्हणून महापालिकेचे पाणी आधी तळटाकीत घेतात, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवतात आणि तिथून ते उताराने घरोघरी उतरते. म्हणजे शेवटच्या टप्प्यात कात्रजच्या नळाचेच तत्त्व चालते. फक्त उंची विजेने मिळवलेली असते.

स्वयंपाकघरात तोटी फिरवली की पाणी येते, तेव्हा त्यामागचे काम इतरत्र झालेले असते. वॉचमन वेळेवर पंप लावतो, प्लंबर व्हॉल्व्ह बदलतो, टाक्या धुणारे वर्षातून एक-दोनदा येतात आणि या साऱ्याचा खर्च सोसायटीच्या मासिक वर्गणीत वाटला जातो. पाणक्या ठेवणारी घरे सोडली, तर पाणी भरण्याच्या कामाला पेठेत पगार आणि बिल लागले ते अशा रीतीने. घरातल्या बाईने ते केले तोवर त्याचा हिशेब कुठेच होत नव्हता.