धरणाच्या पाण्यातून वाचलेलं शेतघर

जुनं घर वाचवायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डागडुजी येते. गळकं छप्पर, वाळवी लागलेला वासा, पोटात आलेली भिंत. आज ज्या घराबद्दल बोलणार आहे, त्याची अडचण यातली कुठलीच नव्हती. त्याची जागाच पाण्याखाली जाणार होती.

इंग्लंडमधल्या केंट परगण्यात १९६०च्या दशकात बाऊ बीच इथे पिण्याच्या पाण्याचा तलाव बांधायला घेतला. त्या खोऱ्यात बे-लीफ नावाचं एक शेतघर होतं. (आपल्या कोर्टातला बेलिफ नव्हे!) ओक लाकडाच्या सांगाड्याचं, शेत कसणाऱ्या कुळाचं घर. लाकडातली वाढीची वलयं मोजून तज्ज्ञांनी त्याचं वय काढलंय. मूळ भाग साधारण १४०५ ते १४३० मधला, एका टोकाचा भाग १५०५ ते १५१० मधला. म्हणजे पाचशे वर्षांहून जुनं.

त्याच सुमारास रॉय अरमस्ट्राँग नावाचे इतिहासकार अशा घरांसाठी खटपट करत होते. क्रॉली हे नवं शहर वसवताना जुनी घरं पाडली जाताना त्यांनी पाहिली होती. त्यातून वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटन इथे ‘वील्ड अँड डाऊनलँड’ हे उघड्यावरचं संग्रहालय उभं राहिलं. १९६८-६९ मध्ये बे-लीफ सुटं केलं गेलं आणि पुढे तिथे पुन्हा उभारलं गेलं.

आता, अख्खं घर सुटं कसं करतात? अशा सांगाड्यात मुख्य जोड खिळ्यांचे नसतात. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवतात आणि आरपार लाकडी खुंटी ठोकतात. खुंटी काढली की जोड सुटतो. प्रत्येक लाकडाला नंबर, प्रत्येक जोडाचं रेखाचित्र. गंमत म्हणजे जुने सुतारही हेच करायचे. सांगाडा आधी जमिनीवर जुळवून जोडांवर पटाशीने खुणा कोरायच्या, मग जागेवर नेऊन उभा करायचा. भिंती मात्र अशा हलवता येत नाहीत. त्या असतात कुडाच्या. कोकणात कारवीवर माती लिंपतात, तशाच तिकडे ओकच्या पट्ट्या आणि कामट्यांवर. हलवताना लिंपण भुगा होतं, ते नव्यानेच करावं लागतं.

आणि सुटं करतानाच घर बोलायला लागतं. आढ्याजवळचे वासे धुराने काळे पडलेले होते. त्याचा अर्थ, मधला दिवाणखाना थेट छपरापर्यंत मोकळा होता, जमिनीवर मधोमध आगटी होती आणि धुराडं नव्हतं. रिकाम्या खाचा सांगतात की इथे एके काळी भिंत होती, तिथे खिडकीचे उभे दांडे होते.

इथेच खरा पेच. पुढच्या पिढ्यांनी घरात विटांचं धुराडं बांधलं होतं, दिवाणखान्यावर मजला घातला होता. संग्रहालयाने हे पुन्हा उभारलं नाही. आज घर साधारण १५४० सालचं म्हणून दाखवतात. उघडी आगटी, काच नसलेल्या खिडक्या. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती नेमकी अशा ‘मूळ रूपात’ नेण्याच्या विरोधात. त्यांचं म्हणणं, घरावर साचलेला सगळाच काळ खरा असतो. मला स्वतःला संग्रहालयाचा निर्णय अर्धाच पटतो. मोकळा दिवाणखाना पाहिल्याशिवाय तो काळ कळत नाही, हे कबूल. पण त्या धुराड्याच्या उबेला बसलेल्या पिढ्यांचं काय?

निदान लाकूड राखलं, की पुन्हा विचार करायची सोय राहते. त्याच खोऱ्यातून विंकहर्स्ट नावाची एक छोटी इमारत वाचवली होती. ती स्वतंत्र घर समजून संग्रहालयात उभी केली. नंतर जोड आणि खाचा पुन्हा तपासल्यावर लक्षात आलं, की हे घर नव्हेच, एका मोठ्या घराचं वेगळं बांधलेलं स्वयंपाकघर आहे. मग ते पुन्हा सुटं करून, त्याच आवारात दुसऱ्या जागी उभारलं. आता तिथे ट्यूडर काळातला स्वयंपाक करून दाखवतात.